कॉम्प्रेस्ड एअर फॉग ह्युमिडिफिकेशन : मुंबईतल्या कारखान्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, भिवंडी, वसई आणि नवी मुंबई या पट्ट्यात कारखान्यांमध्ये हवेचा ओलावा सांभाळण्याचं काम आम्ही करतो. त्यासाठी दाबलेल्या हवेने (कॉम्प्रेस्ड एअर) पाण्याचं बारीक धुकं, म्हणजे फॉग, हॉलमध्ये फवारतो. फोनवर, साइटवर, चहा पिता पिता जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही लांब झाली आहेत, कारण तिथेच पैसे वाया जाताना मी पाहिले आहेत.

मुंबईची हवा आधीच दमट आहे. इथे ओलावा वाढवायची गरज कोणाला पडते?

हा पहिला प्रश्न असतो, आणि तो योग्यच आहे. जून ते सप्टेंबर या शहरात सहसा कोणाला ह्युमिडिफायर लागत नाही. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईची पहिली कापड गिरणी काढली आणि पुढे सगळं गिरणगाव उभं राहिलं. त्यामागे बंदर होतं, कापसाचा व्यापार होता आणि समुद्राची दमट हवाही होती. ओलसर हवेत सूत कमी तुटतं, हे गिरणीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पण डिसेंबर ते मार्चमधली दुपार वेगळी असते. वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. खारा वारा उशिरा सुटला की पारा चढतो आणि सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवा जेवढं पाणी धरू शकते, त्याच्या किती टक्के तिच्यात आहे तो आकडा) ३०-३५ टक्क्यांपर्यंत उतरते. कुलाब्यापेक्षा सांताक्रूझला हे जास्त जाणवतं, आणि भिवंडी, मुरबाडकडे त्याहून जास्त.

दुसरं कारण हवामानाचं नाही, आपलंच आहे. बंद हॉलमध्ये एसी लावला की तो हवा थंड करताना तिच्यातलं पाणी गाळून बाहेर टाकतो. ड्रेन पाइपातून जे टपटपतं ते तुमच्या हॉलच्या हवेतलंच पाणी असतं. माझा अनुभव असा की मुंबईत बंद हॉलच्या कोरडेपणाचा निम्म्याहून मोठा वाटा एसीचा असतो. त्यामुळे मी नवीन साइटवर गेलो की छताकडे बघण्याआधी ड्रेन पाइप कुठे आहे ते विचारतो.

हवा कोरडी झाली की कामात नेमकं काय बिघडतं?

धंद्यागणिक वेगळं. ऑफसेट छपाईत कागदाच्या कडा आधी सुकतात आणि आवळतात, मधला भाग फुगलेला राहतो. मग चार रंग एकावर एक बसत नाहीत, फीडर दोन-दोन कागद उचलतो, डिलिव्हरीला कागद एकमेकांना चिकटतात. कागदासाठी ५० ते ५५ टक्के आर्द्रता धरावी, आणि ती दिवसभर एकसारखी राहणं त्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. आज ज्याला आपण एअर कंडिशनिंग म्हणतो, ती यंत्रणा विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठीच आखली होती. तिथेही दुखणं हेच होतं : ओलावा बदलला की कागद बदलतो.

सूतकताईत रिंग फ्रेमला, म्हणजे सूत कातणाऱ्या मशीनला, ५५ ते ६० टक्के लागतात. सुती कापडाच्या मागांवर, ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) आसपास, ७५ ते ८५ टक्के. त्याखाली ताण्याचे धागे तुटायला लागतात आणि माग थांबतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या असेंब्लीत ४० टक्क्यांच्या खाली स्टॅटिक (स्थिर वीज) वाढतो. हाताला जाणवणारही नाही एवढ्या ठिणगीने चिप मरते, आणि ते बोर्ड ग्राहकाकडे गेल्यावर कळतं. लाकडाला, व्हिनियरला भेगा जातात. प्लॅस्टिक फिल्मच्या रोलवर धूळ ओढली जाते.

कॉम्प्रेस्ड एअरचा नोझल चालतो कसा?

नोझल म्हणजे फवाऱ्याचं बारीक तोंड. त्यात दोन वाटा असतात, एक हवेची आणि एक पाण्याची. साधारण ३ ते ४ बार दाबाची (एक बार म्हणजे जवळपास आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब) हवा बारीक फटीतून सुटते आणि पाण्याची धार फाडून तिचे कण करते. चांगल्या नोझलचे कण १० मायक्रॉनच्या आसपास असतात; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन, यावरून अंदाज बांधा.

कण एवढे बारीक का हवेत, ते हिशेबाने पाहा. एक लिटर पाण्याचे १० मायक्रॉनचे थेंब केले तर जवळपास दोन लाख कोटी थेंब होतात आणि पाण्याचा पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. एका लिटरचा! एवढा पृष्ठभाग मोकळा झाल्यावर पाणी हवेत मुरायला क्षण पुरतो.

सायफन पद्धतीच्या नोझलमध्ये पाण्याची टाकी नोझलच्या थोडी खाली असते. हवेचा झोतच पाणी वर खेचतो. हवा बंद झाली की पाणी आपोआप खाली परततं आणि नोझल टपकत नाही. ज्यांच्या मशीनवर एक थेंबही चालणार नाही, त्यांना मी बहुतेक वेळा हाच प्रकार सुचवतो. मात्र टाकीतली पातळी फ्लोटने नेमकी सांभाळावी लागते, आणि एकाच टाकीवरचे सगळे नोझल एका पातळीत हवेत. छत उतरतं असेल तर हे जमवताना दमछाक होते.

थेंब मशीनवर, मालावर पडणार नाहीत याची खात्री काय?

थेंब वाटेतच हवेत मुरला, तर पडायला काही उरत नाही. सगळं डिझाइन या एका वाक्याभोवती फिरतं.

स्थिर हवेत १० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला ३ मिलिमीटर खाली उतरतो, ५० मायक्रॉनचा साडेसात सेंटिमीटर. शिवाय सुकायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे पाचपट मोठा थेंब सुकायला पंचवीसपट वेळ घेतो, आणि त्या वेळात पंचवीसपट वेगाने खाली येतो. हवेचा दाब कमी पडला, नोझलचं तोंड झिजलं किंवा क्षाराने अर्धं बुजलं की थेंब मोठे होतात. ओल पडली असं कळल्यावर पाणी कमी करण्याआधी हवेचा दाब नोझलपाशी मोजा. कॉम्प्रेसरच्या गेजवर ७ बार दिसतात आणि शेवटच्या नोझलला दोनच पोचतात, असं अनेकदा सापडतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका छापखान्यात आम्ही नोझल भिंतीवर लावले, समोर सात मीटर मोकळी जागा होती, फवारा सुंदर विरत होता. चाचणी झाली ती संध्याकाळी, एसी बंद असताना. रात्रपाळीत एसी चालू झाला आणि त्याच्या थंड झोताने फॉग खाली दाबला, तो थेट आर्ट पेपरच्या पॅलेटवर. सकाळी सुपरवायझरने वरच्या कागदाच्या कडेवरून बोट फिरवून मला दाखवलं. कड झालरीसारखी लाटा घेत होती. वरचे काही रीम फुकट गेले, ते आम्ही भरून दिले. तेव्हापासून एसी, पंखे, एक्झॉस्ट, दरवाजे हे सगळं रोजच्यासारखं चालू ठेवूनच मी फॉगची वाट तपासतो.

किती लिटरची यंत्रणा लागेल? हॉलचा आकार सांगितला तर चालेल ना?

नाही. कोणी नुसतं घनफळ विचारून कोटेशन दिलं तर ते घेऊ नका. हवेला एकदा ओली केली की काम संपत नाही. तो ओलावा सारखा कुठेतरी जात असतो, आणि जेवढा जातो तेवढा दर तासाला भरावा लागतो. त्याला जायला तीन वाटा असतात : बाहेरून येणारी कोरडी हवा, एसीची कॉइल (ज्या थंड नळ्यांवर हवेतलं पाणी गळतं त्या) आणि तुमचा माल.

एक उदाहरण घेऊ. २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, ५ मीटर उंच छापखाना, म्हणजे १२०० घनमीटर. दारं उघडझाप धरून तासाला दीड वेळा हवा बदलते, म्हणजे १८०० घनमीटर, वजनात साधारण २०७० किलो. जानेवारीतल्या दुपारी बाहेर ३१ अंश आणि ३० टक्के असेल तर त्या हवेच्या प्रत्येक किलोत ८.४ ग्रॅम पाणी असतं. आपल्याला आत २४ अंशांना ५५ टक्के हवेत, म्हणजे किलोला १०.२ ग्रॅम. फरक १.८ ग्रॅमचा. ताशी पावणेचार लिटर झाले.

आता एसी. इथे कॅटलॉग उघडू नका, बादली घ्या. ड्रेन पाइपाखाली ती तासभर ठेवा आणि पाणी मोजा. समजा हॉल ४० टक्क्यांवर असताना ताशी ३ लिटर मिळाले. हॉल ५५ टक्क्यांवर नेलात की त्याच कॉइलवर जास्त पाणी सुटणार. कॉइल ६ अंशांच्या आसपास असेल तर तो आकडा ८ लिटरांवर जातो. म्हणजे तुम्ही फवारलेल्या पाण्यातला मोठा भाग एसी परत गटारात घालतो.

माणसांच्या घामाश्वासातून डझनभर कामगार ताशी लिटरभर पाणी देतात, ते वजा करा. कोरडा कागद आत येतो तेव्हा तो थोडं पाणी पितो, ते धरा. ११-१२ लिटर झाले, थोडी जागा ठेवून १४. ताशी ३ लिटरचे पाच नोझल. नुसत्या घनफळावरून याच्या तिप्पट यंत्रणा सुचवलेली मी पाहिली आहे, आणि तशीच गरजेच्या निम्मीही. दोन्ही वेळा ड्रेनचं पाणी कोणी मोजलेलं नव्हतं.

सुताच्या कारखान्यात मालाची वाट मोठी असते. कापूस ५ टक्के ओलाव्याने आत आला आणि साडेसात टक्क्यांनी बाहेर गेला, तर टनामागे २५ लिटर पाणी त्यानेच नेलं.

मग आधी एसीमध्येच काही सुधारता येईल का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मला तो सर्वांत आवडतो. हो, येईल. कॉइल जितकी थंड तितकं पाणी जास्त गळतं. हवेचा प्रवाह वाढवून, चिल्ड वॉटरचं (कॉइलमधून फिरणाऱ्या थंड पाण्याचं) तापमान एक-दोन अंशांनी चढवून, एअर फिल्टर साफ ठेवून कॉइल थोडी गरम चालवता येते. घाणेरडा फिल्टर हवा अडवतो, कॉइल जास्त थंड होते आणि हॉल जास्त कोरडा होतो. एका साइटवर नुसते फिल्टर धुतल्यावर आर्द्रतेत दिसेल एवढा फरक पडला होता. बाहेरची हवा जिथून घुसते त्या फटी बुजवा, शटरला पट्ट्यांचा पडदा लावा. एवढं करून उरेल तेवढ्याचीच यंत्रणा घ्या.

फॉगमुळे थंडावा मिळतो म्हणतात. एसीचा खर्च वाचेल का?

एक लिटर पाणी हवेत मुरताना विजेच्या साधारण ०.६८ युनिटएवढी उष्णता शोषतं. ताशी १०० लिटर म्हणजे ६८ किलोवॉट, एसीच्या मापात सुमारे १९ टन. हे भौतिकशास्त्र खरं आहे. पण एसी हॉलमध्ये तेच पाणी कॉइलवर पुन्हा गळलं तर शोषलेली उष्णता कॉइलला परत भोगावी लागते. वरच्या उदाहरणात ११-१२ पैकी ८ लिटरांचा थंडावा असा गेला. म्हणून एसी हॉलमध्ये विजेच्या बचतीच्या भरवशावर यंत्रणा घेऊ नका, मालाच्या दर्जासाठी घ्या.

एसी नसलेल्या शेडमध्ये मात्र हा थंडावा पूर्ण तुमचा. भिवंडीत एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २५ टक्के असलेली हवा फॉगने ७५ टक्क्यांवर नेली तर कागदावर तिचं तापमान २६ अंशांच्या आसपास येतं. प्रत्यक्षात पत्र्याचं छप्पर, मागांच्या मोटारी आणि उघडी दारं त्यातले बरेच अंश परत घेतात. तरीही बारा तास मागापाशी उभं राहणाऱ्या माणसाला उरलेले चार-पाच अंशही मोठे असतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करताना धाग्याइतकाच त्याचाही विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं. आर्द्रता ८५ टक्के आणि तापमान ३४ अंश अशी हवा धाग्याला मानवेल, पण तिथल्या माणसाचा घाम वाळत नाही. अशा शेडला फॉगबरोबर हवा खेळती ठेवणारी व्यवस्था हवीच.

वाफ, हाय प्रेशर पंप की कॉम्प्रेस्ड एअर?

विजेचा हिशेब सरळ आहे. वाफेला लिटरमागे पाऊण युनिट, कॉम्प्रेस्ड एअरला ०.०८ ते ०.१ युनिट, हवा न वापरता पाणीच ७० बार दाबाने फवारणाऱ्या हाय प्रेशर पंपाला ०.०१ युनिट किंवा त्याहूनही कमी.

मग सगळे हाय प्रेशरच का घेत नाहीत? कारण त्याच्या नोझलचं छिद्र केसापेक्षा थोडंच मोठं असतं, पाणी अतिशय स्वच्छ लागतं, थेंब थोडे मोठे असतात आणि फवारा विरायला उंची लागते. मोठी शेड, उंच छत, ताशी शंभर लिटरच्या पुढचं काम असेल तर मी स्वतः हाय प्रेशर सुचवतो. लोअर परळच्या किंवा अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा असेल, छत साडेतीन-चार मीटर, गरज ताशी पाच-पंचवीस लिटर, तर कॉम्प्रेस्ड एअर बरा. छिद्र मोठं असतं, थेंब बारीक पडतात, आणि देखभाल गाळ्यातल्या फिटरला जमते. वाफ जिथे निर्जंतुक हवा लागते किंवा हॉल जराही थंड झालेला चालत नाही तिथे.

आमच्याकडे कॉम्प्रेसर आहेच. त्याच्यावरच जोडून देता का?

क्षमता शिल्लक असेल तर हो. ढोबळ हिशेब असा : फवारलेल्या लिटरमागे पाऊण ते एक घनमीटर मोकळी हवा. नेमका आकडा नोझलच्या तक्त्यात पाहा. १४ लिटरांना ताशी साडेदहा ते चौदा घनमीटर, म्हणजे साधारण ६ ते ८ सीएफएम (मिनिटाला घनफूट). पण मशीन एकदम हवा ओढतं तेव्हा दाब पडतो, आणि दाब पडला की थेंब मोठे होतात. फॉगसाठी दाब ठरवणारा वेगळा रेग्युलेटर आणि छोटा रिसीव्हर (हवा साठवणारी टाकी) लावा. दाब कमी झाल्यावर पाणी आपोआप बंद करणारा स्विचही हवाच, त्यात काटकसर नको.

मोठ्या यंत्रणेला ४-५ बारचा स्वतंत्र कॉम्प्रेसर परवडतो. ७ बारची हवा बनवून ती ३ बारवर उतरवणं म्हणजे वीज जाळणं आहे. दर एका बारमागे ६-७ टक्के वीज जाते.

आणि गळती. ३ मिलिमीटरच्या भोकातून ७ बारला सेकंदाला ११ लिटर हवा जाते, ताशी ४० घनमीटर. आपल्या पाच नोझलांना लागते त्याच्या तीन-चार पट! रविवारी कारखाना बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून लाइनच्या बाजूने चाला. जिथे फुसफुस ऐकू येईल तिथे साबणाचं पाणी लावा.

तेलाचंही बघा. तेल घातलेल्या स्क्रू किंवा पिस्टन कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असतो आणि तो नोझलमधून थेट कामगारांच्या श्वासात जातो. तेलाचे बारीक कण पकडणारा कोअलेसिंग फिल्टर लावा, त्याचं एलिमेंट वेळेवर बदला. फूड किंवा फार्मा असेल तर ऑइल-फ्री कॉम्प्रेसरच.

हवेच्या लाइनला जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप चालतील?

समुद्राकाठच्या शहरात मी टाळतो. आतून गंजतात आणि गंजाचे पापुद्रे नोझलमध्ये अडकतात. शेवटच्या फिल्टरनंतर स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम किंवा पीयू (पॉलियुरेथेन) नळी वापरा. मुख्य लाइनला शंभराला एक असा उतार द्या, नोझलच्या फांद्या तिच्या वरच्या अंगाने काढा, आणि सर्वांत खालच्या टोकाला ड्रेन ठेवा.

पाणी कोणतं वापरायचं? नळाचं चालेल का?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १५ ने ही अट घातली होती की कृत्रिम आर्द्रतेसाठी वापरायचं पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्याच्या स्रोताचं असावं, नाहीतर आधी नीट शुद्ध केलेलं असावं. कायद्याच्या पलीकडेही कारण साधं आहे : ते पाणी माणसांच्या फुप्फुसात जाणार आहे.

मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा खोऱ्यातली धरणं, विहार आणि तुळशी यांचं पाणी येतं. ते मऊ असतं, त्यात क्षार कमी. त्यामुळे पालिकेच्या नळावर चालणाऱ्या गाळ्यात कार्बन आणि ५ मायक्रॉनचा फिल्टर, जंतू मारणारा यूव्ही दिवा, एवढ्यावर पुष्कळदा निभावतं. पण इस्टेटच्या टाकीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलं की गणित बदलतं. ५०० टीडीएसचं (लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेलं) पाणी ताशी ४० लिटर, दहा तास फवारलं तर रोज २०० ग्रॅम क्षार हवेत सुटतात. पाणी मुरतं, क्षार मुरत नाहीत. मशीनवर, मालावर, ट्यूबलाइटवर पांढरी भुकटी बसते. अशा ठिकाणी आरओ लागतोच. इलेक्ट्रॉनिक्समध्ये नळाचं पाणी कितीही मऊ असलं तरी मी आरओच लावतो.

आरओचं पाणी धातू खातं, तेव्हा त्याच्या पुढे पितळी फिटिंग किंवा जीआय नको. आणि टीडीएस मीटर एकदा हातात घेऊन इस्टेटच्या टाकीचं पाणी आठवड्यातून दोन वेगवेगळ्या दिवशी मोजा. सोमवारचं आणि शनिवारचं पाणी एकच असेल असं नाही.

लिजिओनेला या जंतूची भीती खरी आहे का?

खरी आहे. कोमट, साचलेल्या पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांना तो वाढतो आणि बारीक फवाऱ्यातून श्वासावाटे फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं मुंबईचं पाणी वर्षातले बहुतेक महिने याच तापमानात असतं. म्हणून फॉगचं पाणी त्या टाकीत साठवून ठेवू नका. छोटी, झाकणाची टाकी, रोज बदलणारं पाणी, नोझलच्या जवळ यूव्ही, आणि यंत्रणा काही तास बंद राहिली की लाइन आपोआप रिकामी करणारा ड्रेन व्हॉल्व. जिथे पाइपचा तुकडा पुढे बंद आहे आणि त्यात पाणी उभं राहतं, तो तुकडा कापून टाका. नोझलच्या टाकीत बोट घालून बुळबुळीत लागलं तर त्या दिवशी फॉग चालू करू नका.

नोझल कुठे आणि कसे लावायचे?

समोर चार ते सहा मीटर मोकळं हवं. बीम, केबल ट्रे, दिवे, डक्ट, काहीही वाटेत नको. थंड पृष्ठभागाच्या जवळ तर नकोच. छताला घासून लावले तर फवारा छताला चिकटून चालतो आणि तिथून टपकतो, म्हणून शक्य असेल तर मीटरभर अंतर सोडा. धूर ओळखणारे ऑप्टिकल डिटेक्टर फॉगलाही धूर समजतात. फायर अलार्मचा नकाशा पाहिल्याशिवाय नोझलच्या जागा ठरवू नका.

कागदावरचा नकाशा कितीही चांगला असला तरी मी आधी एक नोझल शिडीला बांधून, तात्पुरत्या नळ्या लावून फवारून पाहतो. मोबाइलचा टॉर्च फवाऱ्याच्या आडवा धरला की थेंब कुठपर्यंत जातात ते स्पष्ट दिसतं. जिथे चमक संपते तिथून पुढे मीटरभर जागा सुरक्षिततेसाठी सोडतो.

सेन्सर कुठे लावायचा, आणि त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा?

काम जिथे होतं त्या उंचीवर, फॉगच्या वाटेबाहेर. दरवाजाजवळ नको, एसीच्या झोतात नको, उन्हाने तापणाऱ्या भिंतीवर नको. मोठ्या हॉलला एकच सेन्सर पुरत नाही, विभाग पाडा. फॉग थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद अशा ठोक्यांनी चालवा आणि ठरवलेल्या आकड्याच्या खाली-वर दोन-तीन टक्क्यांची मोकळीक द्या. शिवाय एक वेगळा हाय-लिमिट ह्युमिडिस्टॅट (आर्द्रता ठरावीक मर्यादेवर गेली की चालणारा स्विच), जो मुख्य सेन्सर बिघडला तरी पाणी बंद करेल.

सेन्सर खरं सांगतो का, हे घरच्या मिठाने तपासता येतं. घट्ट झाकणाच्या डब्यात एका छोट्या वाटीत मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला, सेन्सर मिठाला न लागता डब्यात ठेवा आणि सात-आठ तास थांबा. २५ अंशांना त्या डब्यात ७५ टक्के आर्द्रता तयार होते. सेन्सर ६८ दाखवत असेल तर तुमचं गेल्या महिन्याचं रेकॉर्ड चुकीचं आहे. वर्षातून दोनदा हे करा.

केळी पिकवण्याच्या खोलीसाठी किंवा बेकरीसाठी हीच यंत्रणा चालेल का?

चालते, पण वेगळ्या पद्धतीने. वाशीकडच्या केळ्यांच्या रायपनिंग चेंबरमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. तिथे हवा आधीच जवळपास भरलेली असल्याने थेंब सावकाश मुरतो. नोझल थोडे, फवारा तुटक, पंख्याचा प्रवाह जोरात ठेवावा लागतो. पावाचं पीठ फुगवण्याच्या खोलीला ऊबही हवी असते, म्हणून तिथे मी वाफ सुचवतो.

पावसाळ्यात यंत्रणेचं काय करायचं?

बंद करायची, पण नुसतं बटण दाबून नाही. मेच्या अखेरीस किंवा पहिला पाऊस स्थिरावला की पाण्याची टाकी रिकामी करा, पाण्याच्या लाइनमधून कोरडी हवा सोडून ती सुकवा, फिल्टर काढून ठेवा, यूव्हीचा दिवा पुसून बंद करा. आरओची मेंब्रेन मात्र सुकू देऊ नका. ती पुरवठादाराने सांगितलेल्या द्रावणात भिजत ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात नवी घ्यावी लागेल. नोझल उतरवून सौम्य सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात क्षार सुटेपर्यंत ठेवा, स्वच्छ पाण्याने धुवा, वाळवा, आणि प्रत्येकाला जागेचा क्रमांक लावून पिशवीत ठेवा. पॅनेलमध्ये ओल धरते, तिथे सिलिका जेल ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून बघा.

ऑक्टोबरात सुरू करताना पहिल्या दिवशी लाइन जंतुनाशकाने धुऊन भरपूर पाण्याने खंगाळा आणि ते पाणी फवारू नका, गटारात सोडा. मग एकेक नोझल चालवा. त्याच्यापासून चार मीटरवर काळा कागद धरून दहापर्यंत मोजा. कागद कोरडा राहिला तर तो नोझल वर्षभरासाठी तयार. एखादा ठिपका दिसला तर तो उतरवा, तोंड तपासा, दाब मोजा, आणि पुन्हा कागद धरा.